गाजलेल्या ध्वनिमुद्रिका पुन्हा ऐकतांना

अभिजात संगीताची गोडी ज्या घरांत शिरली आहे, त्या घरांत बहुधा एक यादी असतेच. ती कधीं हिशेबाच्या वहीच्या मागल्या पानावर उतरलेली असते, तर कधीं एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या नुसती तोंडीं असते. अब्दुल करीमखांसाहेबांची झिंझोटी, केसरबाईंची भैरवी, द. वि. पलुस्करांचा श्री, अमीरखांसाहेबांचा मारवा, किशोरीताईंचा भूप, हीं नांवें तींत ठरलेलीं. हें ऐकल्याशिवाय गाणें कळावयाचें नाहीं, असें बजावून ती पुढच्या पिढीच्या हातीं दिली जाते, आणि ती पिढीहि तिला श्रद्धेनें पुढें चालविते. या यादीचा आदर राखून ती एकदां पुन्हा तपासून पाहावी, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

तपासण्याचें कारण उघड आहे. यादी तयार झाली तेव्हां बाजारांत जें मिळत होतें त्यांतूनच निवड झाली. ज्याचें गाणें तबकडीवर आलें नाहीं, किंवा आलें पण दुकानांतून लौकर नाहींसें झालें, तो गायक यादीबाहेर राहिला. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत परिस्थिति पालटली आहे. नभोवाणीच्या फिती, खासगी बैठकींत कोणीं कोणीं करून ठेवलेलीं मुद्रणें, संग्राहकांनीं जिवापाड जपलेल्या लाखेच्या तबकड्या, हें सारें आतां खिशांतल्या मोबाईलवर ऐकावयास मिळतें. हिंगोली जिल्ह्यांतील आमच्या पुसेगांवासारख्या ठिकाणीं, जेथें पूर्वीं रेडिओच्या खरखरींतून गाणें शोधून काढावें लागे, तेथेंहि मिळतें. पुरावा वाढला म्हणजे निकालपत्र पुन्हा वाचावें लागतें.

प्रथम ती तबकडी म्हणजे काय वस्तु होती हें नीट समजून घेऊं. नोव्हेंबर १९०२ मध्यें फ्रेड गैसबर्ग नांवाचा ध्वनिमुद्रक ग्रामोफोन कंपनीतर्फें कलकत्त्यास आला आणि त्यानें गौहरजानचें गाणें मुद्रित केलें. गाणारानें एका मोठ्या कर्ण्याशीं तोंड नेऊन आवाज टाकावयाचा, कर्ण्याच्या निमुळत्या टोकाशीं असलेला पातळ पडदा त्यानें थरथरावयाचा, आणि पडद्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या तबकडीवर रेघ कोरीत जावयाची. विजेचा संबंध कोठेंच नव्हता. तबकड्यांची छपाई त्या वेळीं जर्मनींत हानोव्हर येथें होत असे. तेथील कारागिरांस गाणें कोणाचें हें कळावें म्हणून चीज संपतांच गौहरजान इंग्रजींत आपलें नांव उच्चारीत असे. पुढें १९०८ मध्यें कलकत्त्याच्या सियालदा भागांत कारखाना निघाला. गंमत अशी कीं, जगभरच्या तबकड्यांना लागणारी लाख मुख्यतः आपल्याच देशांतून जात असे. झाडावरची लाख आमची, गाणें आमचें, आणि मधला कारखाना तेवढा परका!

आतां थोडें अंकगणित. शिक्षकाची खोड जात नाहीं, ती श्रोत्यांनीं गोड मानून घ्यावी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन-सवातीन मिनिटें मिळत. बारा इंचीस चार-साडेचार. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा आजच्या मंद लयीनें, म्हणजे मिनिटाला बारा अशा धरल्या, तर एका आवर्तनासच पुरतें एक मिनिट लागतें. म्हणजे सबंध बाजूंत गायकानें तीन वेळां समेवर यावयाचें आणि उठून जावयाचें. उलट त्रितालाच्या सोळा मात्रा मिनिटाला एकशें साठ या गतीनें धरल्या, तर आवर्तन सहा सेकंदांत संपतें, आणि तीन मिनिटांत तीस आवर्तनें बसतात. मग गायक काय निवडील? तो मध्य किंवा द्रुत लयीची चीज घेणार, स्थायी-अंतरा झटपट म्हणणार, दोन-चार आलाप दाखविणार आणि उरलेल्या जागेंत ताना ठासून भरणार. जुने लोक फार जलद गात असत, असा जो समज आज पसरला आहे, त्याचा मोठा अंश या तीन मिनिटांनीं निर्माण केलेला आहे. पूर्वींचा विलंबित आजच्याइतका मंद नसे हें खरें. पण तबकडी ही बैठकीची छोटी प्रतिकृति आहे असें समजून जो कोणी जुन्या गाण्याचें मोजमाप करील, तो पत्रिकेवरून लग्नाच्या जेवणाची चव ठरवील.

अब्दुल करीमखांसाहेबांच्या तबकड्या या दृष्टीनें पाहण्यासारख्या आहेत. त्यांचीं मुद्रणें दोन काळांतलीं. पहिलीं १९०५ च्या सुमाराचीं, कर्ण्यांत गायिलेलीं. दुसरीं आयुष्याच्या अखेरच्या चार-पांच वर्षांतलीं, ओडियन कंपनीनें विजेच्या मायक्रोफोनवर घेतलेलीं. विजेची ही पद्धति पाश्चात्य देशांत १९२५ मध्यें आली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत आपल्याकडे पोहोंचली. तिच्यामुळें काय झालें? ओरडून गाण्याची गरज संपली. खांसाहेबांचा तो बारीक, किंचित् सानुनासिक, रेशमाच्या धाग्यासारखा आवाज कर्ण्याला पेलणारा नव्हताच. तो मायक्रोफोननें टिपला. यादींत जी झिंझोटीची ठुमरी आहे, ती या दुसऱ्या काळांतली. भीमसेन जोशी लहानपणीं एका दुकानांत त्यांची तबकडी ऐकून वेडे झाले आणि गुरूच्या शोधांत घर सोडून गेले, ही गोष्ट ते स्वतः सांगत असत. एका तबकडीनें एक गायक घडविला असें म्हणतात तें येथवर खरें. पण घर सोडल्यावर तो मुलगा तबकड्या गोळा करीत हिंडला नाहीं. गुरु शोधीत हिंडला, आणि सवाई गंधर्वांच्या घरीं राहून शिकला, हा कथेचा उत्तरार्ध यादी वाचून दाखवितांना गाळला जातो.

खांसाहेबांची झिंझोटी यादींतून काढावी असें मी म्हणणार नाहीं. पण तिच्या शेजारीं त्यांची सरपरदा ठेवावी, आणि दोन्ही एकामागून एक ऐकाव्या. झिंझोटींत करुणरसाची जी दाट छाया आहे, तिच्यामुळें खांसाहेब म्हणजे केवळ आर्तता असें कानाला वाटूं लागतें. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांबरोबर बसून बावीस श्रुतींचे प्रयोग करून दाखविणारा, स्वराच्या जागेविषयीं सोनाराच्या तराजूइतका काटेकोर असणारा जो खांसाहेब, तो दुसऱ्या तबकडींत अधिक स्पष्ट दिसतो.

श्रुतींचा विषय निघाला म्हणून गतीचा प्रश्न येथेंच घेतों, कारण तो फार महत्त्वाचा आहे आणि त्याच्याकडे फारसें कोणी लक्ष देत नाहीं. तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेते, असें आपण शिकलों. परंतु प्रारंभींच्या कित्येक तबकड्या नेमक्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांवर मुद्रित झालेल्याच नाहींत. कोणी सत्तरच्या जवळपास, कोणी ऐंशींच्याहि वर. समजा, एखादी चीज चौऱ्याहत्तर फेऱ्यांवर मुद्रित झाली आणि आपण ती अठ्ठ्याहत्तरवर लावली. गति शेंकडा सुमारें साडेपांच वाढली. आतां सहा टक्के गति वाढली म्हणजे स्वर पेटीच्या एका पट्टीइतका चढतो; तेव्हां काळी एकमध्यें गाणारी बाई जवळजवळ पांढरी दोनमध्यें जाऊन बसली. तीन मिनिटें बारा सेकंदांची चीज तीन मिनिटें दोन सेकंदांत उरकली. स्वरास्वरांतलें अंतर मात्र बिघडत नाहीं, कारण सर्वच स्वर सारख्या प्रमाणांत चढतात. म्हणून राग शुद्धच वाटतो आणि फसवणूक लक्षांत येत नाहीं. बदलतो तो आवाजाचा पोत. भरदार गळा पातळ होतो, गंभीर आलाप लगबगीचा होतो, तान वास्तवाहून जास्त चपळ वाटते. पुढें या तबकड्यांवरून मोठ्या तबकड्या झाल्या, त्यांवरून कॅसेटी झाल्या, आणि मुळांतली चूक प्रत्येक नकलेबरोबर पुढें गेली.

ही केवळ पंडिती शंका नव्हे. माझी एक विद्यार्थिनी, शेतकऱ्याची मुलगी, गळा उत्तम, तालुक्याच्या गांवीं एका दुकानांत घेतलेल्या कॅसेटीवरून एका नामांकित गायिकेचा ख्याल बसवीत होती. आमच्याकडे शिकविणारा गुरु नव्हता. कॅसेट हाच गुरु. चार महिन्यांत तिचा घसा बसूं लागला. वरच्या षड्जाला शीर ताणे, आणि बाईंसारखें आपल्याला येत नाहीं म्हणून ती रडे. मीं शाळेंतली पेटी काढून कॅसेटीचा षड्ज लावून पाहिला, तर तो दोन पट्ट्यांच्या मधोमध, कोठेंच न बसणारा. त्याच कॅसेटींत साथीला पेटी वाजत होती, आणि पेटीचे सूर तर कारखान्यांतच कायम केलेले असतात. ते दोन पट्ट्यांच्या मध्यें कसे जातील? म्हणजे वेग चुकला होता. पुढें त्याच मुद्रणाची दुसरी प्रत मिळाली, ती पट्टीभर खालीं होती. बाई ज्या सुरांत कधीं गायिल्याच नव्हत्या, त्या सुरांत गाण्याचा प्रयत्न ती पोर करीत होती. षड्ज उतरवून दिल्यावर दोन महिन्यांत गळा पूर्ववत् झाला.

तेव्हां पेटीची किंवा ऑर्गनची साथ असलेली जुनी मुद्रिका असेल, तर ही परीक्षा घरच्या घरीं करतां येते. बालगंधर्वांच्या पदांत ऑर्गन ऐकूं येतो, तेथें ती चांगली लागू पडते. आणखी एक दोष कानानें ओळखतां येतो. तबकडीचें मधलें भोंक नेमकें मध्यावर नसेल, तर प्रत्येक फेऱ्याला सूर किंचित् वर-खालीं हेलकावे खातो. अशा वेळीं गवयाचा सूर हलतो असें म्हणून मोकळें होणारे रसिक मीं पाहिले आहेत!

आतां केसरबाई. गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाईंची ‘जात कहां हो’ ही भैरवी आज पृथ्वीवरील सर्वांत दूर गेलेलें हिंदी गाणें आहे. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत अमेरिकेनें जीं दोन व्हॉयेजर यानें आकाशांत सोडलीं, त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. जगांतील संगीताचे सत्तावीस नमुने तीवर आहेत आणि त्यांत हिंदुस्थानचा असा एकच, साडेतीन मिनिटांची ही भैरवी. रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन संगीतज्ञानें तिची शिफारस केली होती. शिफारस झाली, पण मूळ तबकडी बाजारांतून केव्हांच नाहींशी झालेली. शेवटीं न्यूयॉर्कमधील एका हिंदी कुटुंबाच्या दुकानांत ती सांपडली. दुसरें यान सुटल्यावर अवघ्या अकरा दिवसांनीं, १६ सप्टेंबर १९७७ रोजीं, केसरबाई वारल्या. २०१२ मध्यें पहिलें यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेलें.

इतका मान ज्या तबकडीला मिळाला तिच्याविषयीं शंका काढणें धाडसाचें आहे. तरीहि सांगतों. भैरवी निर्दोष आहे, आवाजाचा तो भरीव, उघडा आकार तींत पुरेपूर आहे. पण केसरबाईंची कीर्ति भैरवीवर उभारलेली नाहीं. अल्लादियाखांसाहेबांच्या गायकीचें मर्म आवर्तनाच्या बांधणींत आहे: समेपासून निघालेली स्वरांची ओळ श्वास न तोडतां, वळणें घेत, लयीच्या अंगानें पुढें जाते आणि पुढच्या समेवर अशी येऊन उतरते कीं, दुसरी वाटच नव्हती असें वाटावें. हें पाहावयाचें तर त्यांची ललत, नट कामोद किंवा कुकुभ बिलावल ऐकावी. तेथेंहि मिनिटें तेवढींच आहेत. पण या बाईंनीं तीन मिनिटांत घाई केली नाहीं. बाकीचे गवई जागा कमी म्हणून माल कोंबीत असतां त्यांनीं माल कमी केला आणि बांधणी पुरी ठेवली. माझ्या मतें लाखेच्या तबकडीचा इतका विचारपूर्वक उपयोग फार थोड्यांनीं केला आहे.

स्वतः अल्लादियाखांसाहेबांचें एकहि ध्वनिमुद्रण नाहीं. १८५५ ते १९४६ एवढें दीर्घ आयुष्य, ग्रामोफोन आल्यानंतरचीं त्यांतलीं चव्वेचाळीस वर्षें, आणि तरीहि एक सूर शिल्लक नाहीं. यादींत त्यांचें नांव असूंच शकत नाहीं. मग त्यांचें गाणें कसें होतें याचा तर्क कसा करावा? केसरबाई, मोगूबाई कुर्डीकर आणि मंजीखां-भुर्जीखां या पुत्रांकडून तालीम घेतलेले मल्लिकार्जुन मन्सूर, या तिघांचें एकाच रागाचें मुद्रण मिळालें तर तें शेजारीं ठेवून ऐकावें. तिघांचे स्वभाव भिन्न: एकीचा राजसी डौल, दुसरीचा संयम आणि लयीवरचा पक्का हात, तिसऱ्याची अखंड कल्लोळणारी उत्कंठा. या तिघांत जें समान ऐकूं येईल, तें बहुधा खांसाहेबांचें. ही पद्धति निर्दोष नव्हे, पण हरवलेल्या पोथीचा पाठ तिच्या नकला ताडून ठरवितात, तसाच हा प्रकार आहे. मोगूबाईंचें मुद्रित गाणें थोडें आहे, आणि यादींत त्यांच्या कन्येचा भूप असतो, त्या नसतात. ‘सहेला रे’ ऐकणारानें आईचें गाणें न ऐकतां राहूं नये. मोगूबाईंचें कुर्डी गांव तर १९८६ मध्यें साळावली धरणाच्या पाण्याखालीं गेलें. आतां उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे घरांचे चौथरे दिसतात.

भास्करबुवा बखल्यांचीहि हीच कथा. १९२२ मध्यें ते गेले. आवाज मागें राहिला नाहीं. पण १९१६ मध्यें रंगभूमीवर आलेल्या ‘स्वयंवर’ नाटकाच्या चाली त्यांच्या, आणि त्या बालगंधर्वांनीं तबकड्यांवर गायिल्या आहेत. नाट्यगीत म्हणून बाजूला सारलेल्या त्या तबकड्या, रागदारीच्या यादींत बसवाव्यात असें मला वाटतें. बुवांच्या हाताचा ठसा दुसरीकडे कोठें शोधणार?

ज्यांचें मुद्रण नाहीं त्यांची गोष्ट झाली. पण ज्यांचें मुद्रण असूनहि ज्यांना यादींतून वगळलें, त्यांची गोष्ट अधिक बोचणारी आहे. ग्रामोफोनच्या पहिल्या दहा वर्षांत ज्यांनीं कर्ण्यासमोर उभें राहण्याचें धैर्य दाखविलें, त्यांत फार मोठा भाग व्यवसायानें गाणाऱ्या बायकांचा होता. मोठमोठे उस्ताद, आपली विद्या यंत्रांत गेली म्हणजे चोरीला गेली, अशा समजुतीनें दूर राहिले. या बायका पुढें झाल्या. आग्र्याच्या जोहराबाईंच्या १९०८ ते १९११ च्या दरम्यानच्या तबकड्या ऐका. आवाज पुरुषी वाटावा इतका खडा, तीन मिनिटांत रागाचा चेहरा उभा, आणि तानेची फेंक अशी कीं, कर्ण्याचीं सारीं बंधनें तुटावींत. फैयाजखांसारखे उस्ताद त्यांना मानीत. असें असतां आमच्या मध्यमवर्गीय याद्यांत जोहराबाई कां नाहींत? कारण गाणें घरंदाज करण्याच्या चळवळींत गाणारणी अडचणीच्या झाल्या. १९४६ नंतर, सरदार पटेल नभोवाणीखात्याचे मंत्री असतांना, ज्यांचें खासगी जीवन लोकापवादाला कारण होतें अशांना नभोवाणीचें दार बंद करण्यांत आलें. गाणें सुशिक्षित घरांतील मुलींना मोकळें झालें हा त्या चळवळीचा लाभ मी मान्य करतों. माझ्या त्या विद्यार्थिनीसारखीला पेटीशीं बसतां आलें तें त्यामुळेंच. परंतु ज्यांनीं तोंवर विद्या जतन केली त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवून आपण त्यांच्याच चिजा घरांत आणल्या, हा व्यवहार सरळ नव्हे. जोहराबाईंचीं मुद्रणें पुढें पुन्हा प्रसिद्ध झालीं आहेत. यादींत त्यांना पहिल्या पानावर घ्यावें.

नभोवाणीनें आणखी एक गोष्ट केली, तिचा परिणाम मुद्रणांतून अजून ऐकूं येतो. १९४० ते १९७१ पर्यंत तेथें पेटीला बंदी होती. म्हणून त्या काळच्या नभोवाणीच्या फितींत साथीला सारंगी असते, आणि मींड कशी असावी हें त्यांत फार चांगलें कळतें. १९५२ मध्यें, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर मंत्री असतांना, संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि शनिवारच्या रात्रीं दीड तास एकच कलावंत ऐकण्याची सोय सबंध देशाला झाली. तीन मिनिटांच्या कैदेंतून गाणें सुटलें तें प्रथम येथें. द. वि. पलुस्करांचें उदाहरण घ्या. १९५५ मध्यें, अवघ्या चौतिसाव्या वर्षीं ते गेले. यादींतला त्यांचा श्री आणि गौडसारंग या छोट्या तबकड्या. ग्वाल्हेरची आटोपशीर मांडणी तीन मिनिटांत इतकी नेटकी बसते कीं, ऐकणाराला कांहीं उणें वाटत नाहीं. पण त्यांचीं नभोवाणीवरचीं दीर्घ मुद्रणें ऐकलीं म्हणजे कळतें कीं, हा केवळ सुबक गायक नव्हता. धीमेपणानें राग उलगडण्याची ताकद त्याच्यापाशीं होती. छोट्या तबकड्यांनीं त्यांची कीर्ति केली आणि त्यांना लहानहि केलें.

मोठी तबकडी, म्हणजे मिनिटाला सवातेहेतीस-साडेतेहेतीस फेरे घेणारी, अमेरिकेंत १९४८ मध्यें निघाली आणि आपल्याकडे त्यानंतर सुमारें दहा वर्षांनीं रुळली. एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक. १९६० च्या सुमारास अमीरखांसाहेबांची एका बाजूस मारवा आणि दुसऱ्या बाजूस दरबारी अशी तबकडी आली आणि ती प्रत्येक यादीच्या शिरोभागीं बसली. तिला तेथून हलविण्याचें सामर्थ्य माझ्या अंगीं नाहीं. मारव्यांत पंचम नाहीं, षड्जावर विसांवा देणें टाळावयाचें, कोमल ऋषभ आणि शुद्ध धैवत यांच्यामध्यें मन टांगून ठेवावयाचें; संध्याकाळची ती अस्वस्थता खांसाहेबांनीं इतक्या शांतपणें मांडली आहे कीं, वीस मिनिटें हललें जात नाहीं. मात्र ही शांति त्यांनीं आणली कोठून, हा प्रश्न यादी विचारीत नाहीं. त्याचें एक उत्तर किराणा घराण्याचे वहीदखां यांच्यापाशीं आहे. १९४९ मध्यें ते वारले. त्यांनीं तबकड्या दिल्या नाहींत. नभोवाणीवरील गाण्याचीं थोडींशीं मुद्रणें तेवढीं उरलीं, पटदीप, मुलतानी, दरबारी. ध्वनि मलूल, मधूनमधून खरखर. पण स्वरामागून स्वर असा संथपणें, कोठलीहि पायरी न गाळतां चढत जाण्याची ती रीत ऐकली कीं, अमीरखांसाहेबांचा मारवा एका नव्या उजेडांत दिसूं लागतो. आपल्या हिराबाई बडोदेकरांनाहि वहीदखांची तालीम होती. त्यांच्या आलापांतील निवांतपणा कोठला, हेंहि तेथेंच उमगतें.

तबकडीवरून शिकावें कीं नाहीं, असा प्रश्न मला पालक पत्रानें विचारतात. कुमार गंधर्व लहानपणीं मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या जशाच्या तशा, खांचाखोंचांसह, गाऊन दाखवीत आणि लोक थक्क होत. त्यांच्या बालवयांतल्या मुद्रिका आज मिळतात. त्या ऐकाव्यात, कारण त्यांत पुढचा कुमार जवळजवळ कोठेंच दिसत नाहीं. तो मुंबईस देवधरमास्तरांच्या विद्यालयांत घडला, आणि पुढें क्षयाच्या आजारांत देवासला पडून असतांना आणखी घडला. नक्कल हा त्याचा प्रारंभ होता, आणि शेजारीं खोडून काढणारा गुरु होता. जेथें गुरु नाहीं तेथें एकाच चिजेचीं निदान तीन निरनिराळ्या गायकांचीं मुद्रणें मुलांना ऐकवावीं. एकाच तबकडीला गळा बांधला जात नाहीं. आणि षड्ज मुलाच्या गळ्याप्रमाणें लावावा, तबकडीच्या नव्हे.

आमच्या भागापुरतें सांगावयाचें तर ख्यालाकडे जाणारी वाट अभंगांतून गेली. संत नामदेवांचें नरसी आमच्याच हिंगोली जिल्ह्यांत, पुसेगांवाहून फार दूर नाहीं. राम फाटकांनीं पुणें केंद्राच्या ‘स्वरचित्र’ कार्यक्रमासाठीं नामदेवांच्या ‘तीर्थ विठ्ठल’ या अभंगाला चाल दिली आणि भीमसेनांनीं तो गायिला. त्या एका मुद्रणानें आमच्या भजनी मंडळांतील माणसांना भीमसेन ओळखीचे केले. मग हाच माणूस रात्रीं तासभर एक राग गातो म्हणतात, तें काय असतें पाहूं, म्हणून लोक रेडिओपाशीं बसूं लागले. शहरांतल्या याद्यांत अभंग वेगळ्या कप्प्यांत घालतात. आमच्याकडे तो कप्पा आधीं उघडला.

भाषणाची वेळ संपत आली; एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतों. पुष्कळ जुन्या घरांत माळ्यावर लाखेच्या तबकड्यांचे गठ्ठे अजून आहेत आणि घर रंगवितांना ते रद्दीबरोबर जातात. देण्यापूर्वीं प्रत्येकीच्या कागदी चकतीवरचें नांव, राग आणि क्रमांक लिहून काढावा. मुंबईंत १९९० मध्यें स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेनें आणि तिच्यासारख्या हौशी संग्राहकांनीं कित्येक गवई अशाच गठ्ठ्यांतून परत मिळविले आहेत. तबकड्या आडव्या रचूं नयेत, उभ्या ठेवाव्यात. वजनानें खालच्या तडकतात. उन्हाजवळ ठेवूं नयेत. पुसावयाच्या तर मऊ ओलसर फडक्यानें, रेघांच्या दिशेनें, चकती कोरडी राखून पुसाव्यात. स्पिरिट मात्र चुकूनहि लावूं नये. स्पिरिटांत लाख विरघळते, आणि तिच्यावरचें गाणेंहि.